कोडिंगचा 'क' येत नाही, तरी रतीबाचं अ‍ॅप उभं केलं (नागपूर)

रतीबवाला_मानेवाडा:

नमस्कार मंडळी. मी इथं वाचत जास्त असतो, लिहितो कमी. मागे एकानं विचारलं होतं की कोडिंग न येणाऱ्या माणसाला एआय वापरून खरंच अ‍ॅप करता येते का नुसती फोकनाड आहे, तिथं दोन ओळीत उत्तर मावत नव्हतं म्हणून वेगळा धागा.

आमचं दुधाचं रतीब आहे. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, बेलतरोडी ह्या बाजूला. वडिलांपासूनचा धंदा. मी बीकॉम, कॉम्प्युटर म्हणाल तर टॅलीचा क्लास केला होता तेवढंच. वाटणारे तीन पोट्टे, तिघांच्या तीन डायऱ्या, आणि महिना संपला की मी आणि मिसेस त्या डायऱ्या घेऊन बसतो. एकाचं अक्षर लागत नाही, एकाच्या डायरीवर दूध सांडलेलं, तिसरा खाडा लिहायलाच विसरतो मग गिऱ्हाईक म्हणते मी सांगितलं होतं, पोट्टा म्हणतो मला नाही सांगितलं, आणि भांडण आमच्या दारात. एका ठिकाणी अ‍ॅप बनवून द्याल का विचारलं तर त्यांनी जो आकडा सांगितला त्यात चांगली दुभती म्हैस आली असती. मग भाचा म्हणाला, मामा एआयला सांगून पाहा ना.

मी लिहिलं "दुधाच्या धंद्याचं अ‍ॅप बनव". बनवलं त्यानं, चहा होईपर्यंत. निळा रंग, गायीचं चित्र, आणि खाली बटण "कार्टमध्ये टाका". म्हणजे दूध विकायचं ऑनलाइन दुकान. दिसायला एकदम भारी, आपल्या कामाचं शून्य. रतीबात गिऱ्हाईक रोज ऑर्डर देत नसते, एकदा लावलं की वर्षानुवर्षं चालू, कळवायचं ते फक्त उद्या नको म्हणून. हे त्याला कुठून माहीत असणार, तो काही मानेवाड्यात राहत नाही.

मग अ‍ॅप-बिप बाजूला ठेवून मी सरळ कागदावर धंद्याचे नियम लिहून काढले. जे पाठवलं ते जवळपास जसंच्या तसं टाकतो, कोणाला उपयोगी पडलं तर पडलं:

"माझं दुधाचं रतीब आहे. कोड आत्ता लिहू नको. आधी नियम वाच आणि जिथं शंका वाटते तिथं मला प्रश्न विचार, एका वेळी एकच. गिऱ्हाईकाचं रोजचं दूध ठरलेलं असते, सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं, गाईचं की म्हशीचं ते वेगळं. पाव लिटरच्या पटीत. खाडा आदल्या रात्री ९ पर्यंत सांगितला तर धरायचा, नंतर सांगितला तर पैसे लागतात, पण जुन्या गिऱ्हाईकाला मी सोडून देतो, ते माझं मी हातानं करीन. वाढीव दूध त्या दिवसापुरतंच. १ तारखेला बिल, मागची बाकी वेगळी दाखव. पोट्ट्याच्या फोनवर सकाळी फक्त यादी, घरांच्या क्रमानं, अक्षर मोठं. त्याला दोनच बटणं, 'दिलं' आणि 'नाही दिलं'. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसते, तरी चाललं पाहिजे."

ह्यावर त्यानं जे प्रश्न विचारले ते वाचून मी चाट पडलो. महिन्याच्या मधातच भाव वाढला तर कसं करायचं? एकाच घरी गाईचं आणि म्हशीचं दोन्ही असेल तर बिल एक का दोन? एक पोट्टा आजारी पडला आणि दुसऱ्यानं त्याची लाइन मारली तर नोंद कोणाच्या नावावर? घरमालक बदलला, भाडेकरू नवीन आला, फ्लॅट नंबर तोच, तर बाकी कोणाची? असे प्रश्न मला अ‍ॅप बनवून देणाऱ्यानं विचारले नव्हते, त्यानं फक्त लोगो कोणत्या रंगाचा पाहिजे ते विचारलं होतं.

उन्हाळाभर चालवलं, वही सोबत चालू ठेवली होती. चालून राहिलं. प्ले स्टोअरवर नाही, आहे वेबसाइटच पण होम स्क्रीनवर आयकॉन ठेवता येतो, नेटवर्क नसलं तरी उघडते, पोट्ट्यांना ते अ‍ॅपच वाटते. विचारा काय विचारायचं ते. दुपारी मोकळा असतो.

गोलू_गिट्टीखदान:

भाऊ खतरनाक ना! आमचं कूलर किरायानं द्यायचं आहे, मार्च लागला का फोन बंदच होत नाही. मले हेच पाहिजे होतं. पहिले खर्च सांगा, बाकी ग्यान मंग.

रतीबवाला_मानेवाडा:

गोलूभाऊ, सुरुवात फुकटात होते. फुकटच्या खात्यावर थोड्या मेसेजनंतर थांबा म्हणते, मग काही तास गप बसायचं. मोठ्या एआयवाल्यांचे साधे प्लॅन महिन्याला २० डॉलरच्या आसपास असतात, काम जोरात होतं तेव्हा मी घेतला, नंतर बंद केला. डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी ऑनलाइन साठतात ती जागा, आमच्या एवढ्याशा गिऱ्हाइकीला फुकटच्या मर्यादेत बसतो. वेबसाइटच्या नावाचे वर्षाचे थोडे पैसे. बाकी गेला तो वेळ, त्याचा हिशोब मिसेसला विचारा.

कोथरूडकर:

अभिनंदन, पण थोडा विरस करतो. ह्या प्रकाराला 'वाइब कोडिंग' म्हणतात, ओपनएआयच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या आंद्रे कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ते नाव दिलं, आणि त्यांनी त्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं की हे सुट्टीच्या दिवशीच्या टाकाऊ प्रोजेक्टसाठी ठीक आहे. तुमचा तर धंदा त्यावर चालणार आहे. उद्या बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? स्वतःच्या अ‍ॅपचा कोड वाचता येत नसेल तर ते अ‍ॅप तुमचं कसं? मी पंधरा-वीस वर्षं ह्या क्षेत्रात आहे, डेमो आणि रोज चालणारी सिस्टीम ह्यात फार अंतर असतं.

संत्राबर्फी:

आमच्या दुधाची काळजी थेट पुण्यातून होते हे पाहून भरून आलं बाप्पा :)

रतीबवाला_मानेवाडा:

कोथरूडकर दादा, मुद्दा बरोबर आहे, मी टाळत नाही. बिघडते. कोडमध्ये मला ते दिसत नाही हे खरं, पण हिशोबात दिसते आणि हिशोब मला येतो. दोन किस्से सांगतो.

मे महिन्यात आमची पहिली गाडी साडेचारला निघते, उशीर केला तर ऊन लागून दूध नासते. १ तारखेला बिलं काढायला बसलो तर काही घरांना एक दिवस जास्त लागलेला. खोदून पाहिलं तर त्या दिवशी पहाटे वाटलेलं दूध आदल्या तारखेत जमा. आणि सगळ्यांचं नाही, साडेपाचच्या आधीची घरं कालच्या तारखेत आणि नंतरची आजच्या, मधात पट्टी ठेवून रेघ मारावी तसं. रोजच होत होतं ते, पण त्या घरांचं रोजच एक दिवस मागं सरकत असल्यानं बेरीज जुळत होती, महिना बदलला तेव्हा उघडं पडलं. मी एआयला कोडबिड काही बोललो नाही, एवढंच लिहिलं की पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदी कालच्या तारखेत पडतात. लगेच म्हणाला हो, समजलं, आणि दुरुस्त केलं. जुन्या नोंदीही सरळ करून दिल्या.

दुसरा किस्सा भावाचा. १६ तारखेपासून म्हशीच्या दुधाचा भाव वाढवला. बिलं पाहतो तर अख्ख्या महिन्याला नवा भाव, आणि मागच्या महिन्यांची दिलेली बिलंही फुगलेली! भाव गिऱ्हाईकाच्या नावापुढं एकच लिहिलेला होता, तो बदलला की मागचं सगळं बदललं. आता गंमत पाहा, मधात भाव वाढला तर काय हे त्यानंच सुरुवातीला विचारलं होतं, मी उत्तर दिलं होतं, आणि बोलणं लांबत गेलं तसा तोच विसरला. वहीत हे होऊच शकत नाही कारण रोजच्या ओळीत त्या दिवशीचा भाव असतो. मी तेच सांगितलं, भाव रोजच्या नोंदीपाशी लिही, आणि एकदा बिल गिऱ्हाईकाच्या हातात गेलं की त्याला मरेपर्यंत हात लावायचा नाही. तेव्हापासून सगळे नियम एका फाइलमध्ये ठेवले आहेत. नवीन बदल करायचा तर नवीन चॅट, पहिले ती फाइल चिकटवायची, मग बोलायचं.

मिहानवाला:

मी मिहानमध्ये कोड लिहूनच पोट भरतो. साडेपाचचं सांगतो, कारण ते मस्त आहे. कोडनं तारीख ग्रीनिचच्या वेळेनं घेतली असणार, म्हणजे यूटीसी. भारत तिथून साडेपाच तास पुढं, आपल्याकडं पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा तिथं रात्रीचे बारा. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबसाइटचा कोड ज्या भाषेत लिहितात तिच्यात, तारखेचा मजकूर करायची सगळ्यात तोंडपाठ पद्धत तीच आहे, एआय ती लिहितो, आणि खरं सांगू का, माझे शिकलेले सहकारीही लिहितात. ऑफिसच्या अ‍ॅपमध्ये ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते कारण पहाटे पाचला एंट्री करतो कोण? दूधवाला, पेपरवाला आणि फुलवाला. म्हणजे कॉटन मार्केटमधल्या भाजीवाल्याचं अ‍ॅप करत असाल तर हे पहिल्याच दिवशी सांगून टाका की सगळ्या वेळा भारतीय धर.

बेरजेच्या चुका रतीबवाले भाऊ पकडून राहिले, त्याची मला काही चिंता नाही. ज्या गोष्टी बेरजेत येतच नाहीत त्या विचारतो. गिऱ्हाईकांची नावं, पत्ते, फोन कुठं ठेवले आहेत? ते वाचायची परवानगी कोणाला आहे? फायरबेस ही तयार डेटाबेस देणारी सेवा आहे, तिथं डेटाबेस 'टेस्ट मोड'मध्ये सुरू केला तर ३० दिवस ज्याला पत्ता माहीत तो कोणीही वाचू शकतो, लिहूही शकतो. ३० दिवसांनी अ‍ॅप एकदम बंद पडते, माणूस घाबरून एआयला विचारतो, आणि चटकन सुचणारा उपाय म्हणजे दरवाजा कायमचाच उघडा करून ठेवणं. तशीच दुसरी सेवा सुपाबेस वापरली असेल तर प्रत्येक टेबलवर रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणती नोंद दिसावी त्याचा नियम) चालू आहे का ते पाहा, आणि 'सर्व्हिस रोल' नावाची, हे सगळे नियम ओलांडणारी किल्ली फोनवर जाणाऱ्या कोडात कुठं दिसली तर बाकी कामं सोडून पहिले ती बदला.

कोडिंग न येता तपासायचं असं. दुसऱ्या कोणाच्या फोनवर इनकॉग्निटो (ब्राउझरची खासगी खिडकी) उघडा आणि लॉगिन न करता आतल्या पानाची लिंक टाका, काही दिसलं तर गेलं काम. मग पोट्ट्याच्या लॉगिननं आत जा आणि लिंकमध्ये जो नंबर असेल तो बदलून दुसऱ्या पोट्ट्याची लाइन उघडते का पाहा. पिन ठेवला असेल तर विचारा की तो फोनवरच तपासला जातो का सर्व्हरवर, फोनवर असेल तर तो पिन फक्त शोभेचा. आणि एक युक्ती, नवीन चॅटमध्ये सगळा कोड देऊन असं लिहा: "हा कोड दुसऱ्यानं लिहिला आहे, तुला यातला डेटा चोरायचा असेल तर कसा चोरशील?" तू लिहिलेलं तपास म्हटलं की तो स्वतःचीच पाठ थोपटतो. दुसऱ्याचं म्हटलं की सासूसारख्या चुका काढतो.

गोलू_गिट्टीखदान:

भाऊ माह्या कूलरचा डेटा चोरून कोणी काय करन? चोरायचंच असन तर सरळ कूलर चोरन ना.

शुभदा_धरमपेठ:

गोलू, हसू नकोस, ऐक. मी बँकेत आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. रतीबवाल्या दादांचं वाचताना माझ्या डोक्यात एकच आलं. खाडा म्हणजे काय, त्या घरी त्या दिवशी माणूस नाही. १२ ते २० मे सलग खाडा म्हणजे घराला कुलूप आहे आणि कधीपर्यंत आहे तेही लिहिलंय. वर पत्ता, मजला, फ्लॅट नंबर, फोन. ही यादी वहीत होती तोवर तुमच्या घरच्या फळीवर होती. आता ती इंटरनेटवर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद घरं फोडायची असतील त्याला ह्याहून चांगली यादी कुठं मिळणार?

मी अ‍ॅपच्या विरोधात नाही, उलट मला कौतुकच वाटतं. पण पैशांपेक्षा ही माहिती जपायला हवी. गिऱ्हाइकांनी ती तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेली असते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहेच, तो पुढेमागे सगळ्यांना लागू होणार, पण कायद्याच्या आधी आपली अक्कल.

रतीबवाला_मानेवाडा:

काकू, वाचून अंगावर काटाच आला. हे डोक्यात आलंच नव्हतं कारण आमच्या पोट्ट्यांना कोणतं घर बंद आहे ते नेहमीच माहीत असते, त्यात नवीन काही वाटलं नाही.

काल रात्री बसून बदललं ते सांगतो. पोट्ट्याला आता फक्त त्याची लाइन आणि फक्त आजची दिसते. उद्याचा, परवाचा खाडा त्याच्या फोनवर येतच नाही. खाडा कुठपर्यंत आहे हे फक्त माझ्या आणि मिसेसच्या लॉगिनमध्ये. यादीत फोन नंबर काढून टाकला, बटण दाबलं की कॉल लागतो पण नंबर दिसत नाही (मिहानवाले म्हणतील फोनच्या कॉल यादीत दिसणार, हो, तेवढं चालवून घेतो). बिल चुकतं झालं की जुने खाडे तारखांसकट मिटतात, नुसता आकडा राहतो. मिहानवाल्यांची इनकॉग्निटोवाली परीक्षाही केली, लॉगिन न करता काही दिसलं नाही, पण लिंकमधला नंबर बदलल्यावर दुसऱ्याची लाइन दिसली. तेही बंद केलं, आणि ते बटण लपवून नाही, डेटाबेसच्या नियमातच. हा फरक मला एआयनं समजावून सांगितला आणि मी तो मिसेसला समजावून सांगितला, तिला कळला म्हणजे मला कळला असं मी धरतो.

महालचा_छापखाना:

आमचा लग्नपत्रिका आणि बिलबुकांचा छापखाना आहे. मीही असंच कोटेशनचं अ‍ॅप केलं. मराठीत बिल काढणार असाल तर आत्ताच सावध करतो.

एआयला पीडीएफ बनव म्हटलं की तो कोणतीतरी तयार लायब्ररी लावतो, आणि त्यातल्या बऱ्याच लायब्रऱ्यांना देवनागरी जोडता येत नाही, अक्षरं आली तशी एकामागे एक मांडतात. स्क्रीनवर सगळं बरोबर आणि पीडीएफमध्ये 'किती'ची पहिली वेलांटी 'क'च्या आधी यायची ती नंतर, 'श्री'चे दोन तुकडे, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. फॉन्ट बदलून पाहा म्हणतो, बदलला तरी तेच, कारण दोष फॉन्टमध्ये नसतोच. उपाय असा की पीडीएफची लायब्ररीच नको म्हणायचं, बिल साधं वेबपान म्हणून बनव आणि ब्राउझरच्या प्रिंटमधून पीडीएफ काढ म्हणायचं. ब्राउझरला देवनागरी नीट येते. फॉन्ट 'मुक्त' नावाचा किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या, फुकट आहेत आणि छापूनही चांगले येतात. पत्रिकेत 'मुक्त' शोभत नाही, पण बिलाला चालतो.

दुसरं, आकडे. आमच्या पोऱ्यानं मराठी कीबोर्डवरून संख्येत ५०० टाकलं आणि एकूण रकमेच्या जागी विचित्र काहीतरी आलं. जावास्क्रिप्टला मराठी आकडा म्हणजे आकडा वाटतच नाही. सांगून ठेवायचं की आत येताना मराठी आकडे इंग्रजीत बदलून घे, दाखवताना पुन्हा मराठीत दाखव.

तिसरं, शोध. 'अ‍ॅडव्होकेट' लिहिलेलं गिऱ्हाईक सापडेचना, डोळ्यासमोर दिसतंय पण सर्चमध्ये नाही. ते 'अ‍ॅ' दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतं आणि कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळी अक्षरं असतात. आमच्या गिऱ्हाइकांत वकील फार, म्हणून सापडलं.

संत्राबर्फी:

हे कोणत्याच यूट्यूब व्हिडिओत सांगत नाहीत राव. तिथं सगळे दहा मिनिटात अ‍ॅप बनवते आणि महिन्याला लाख कमावते.

योग_वर्धारोड:

मला माझ्या योगवर्गाचं अ‍ॅप प्ले स्टोअरवरच टाकायचं आहे, लोकांना तसंच खरं वाटतं. वेबसाइटवालं नको. काय लागतं?

मिहानवाला:

ताई, डेव्हलपर खात्याचे एकदाच २५ डॉलर. अ‍ॅपलला दर वर्षी ९९ डॉलर, ते सध्या विसरा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर अ‍ॅप सगळ्यांना खुलं करण्याआधी किमान १२ लोकांनी सलग १४ दिवस टेस्टर म्हणून राहावं लागतं. आधी २० लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये १२ केले. तुमच्याकडं योगवर्गाचे विद्यार्थी आहेत, तुम्हाला १२ जण मिळतील, पण मधातच कोणी सोडून गेलं आणि संख्या १२ च्या खाली आली तर १४ दिवसांचा घोळ होतो म्हणून थोडे जास्त घ्या. प्रायव्हसी पॉलिसीची लिंक लागते, डेटा सेफ्टीचा फॉर्म भरावा लागतो. तो फॉर्म एआयकडून डोळे झाकून भरून घेऊ नका, तुमचं अ‍ॅप खरंच काय गोळा करतं ते त्यात लिहायचं असतं.

प्ले स्टोअरवर चढवायची फाइल एपीके प्रकारची (फोनवर थेट टाकता येणारी) नाही, एएबी प्रकारची लागते. एपीके मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायला ठीक. आणि ती बनवताना एक साइनिंग की (पुढचे बदलही तुम्हीच पाठवले हे ओळखायची किल्ली) तयार होते, तिची फाइल आणि पासवर्ड दोन ठिकाणी जपून ठेवा. पण खरं सांगू का, वर्गाची वेळ आणि फी एवढंच दाखवायचं असेल तर ह्या भानगडीत पडू नका, होम स्क्रीनवरचा आयकॉन पुरतो. एकच, वेबवाल्या अ‍ॅपचा डेटा फक्त फोनच्या ब्राउझरमध्ये साठवला असेल तर कोणी 'क्लिअर डेटा' केलं की सगळं साफ. कॉपी सर्व्हरवर पाहिजेच.

कोथरूडकर:

मी वर थोडं कडक लिहिलं होतं. रतीबवाल्यांनी ज्या पद्धतीनं चूक मांडली, 'साडेपाचच्या आधीच्या नोंदी काल पडतात', इतका स्वच्छ बग रिपोर्ट मला ऑफिसात मिळत नाही. तिथं 'चालत नाहीये' एवढंच येतं, स्क्रीनशॉटही तिरका.

माझ्याकडून एक भर. गिट वापरा. प्रत्येक चालू अवस्थेची एक प्रत ठेवायची सोय आहे ती, गिटहब ह्या साइटवर त्यासाठी खासगी जागा फुकट मिळते, आणि कसं वापरायचं ते एआयच शिकवतो. एआयची खोड अशी की एक जागा दुरुस्त करताना शेजारची चालती जागा विनाकारण 'सुधारतो'. काल चालत होतं आणि आज नाही असं झालं की कालच्यावर परत जाता आलं पाहिजे. एका वेळी एकच बदल मागा, चालला की प्रत ठेवा, मग पुढचा. आणि रक्कम रुपयांच्या दशांशात ठेवू देऊ नका, पैशांत ठेवायला सांगा, म्हणजे ३२ रुपये ५० पैसे हे ३२५०. नाहीतर कधीतरी बेरजेच्या शेपटीला चौदा-पंधरा आकडे लटकलेले दिसतील.

रतीबवाला_मानेवाडा:

गिटचं आजच करतो दादा. मी आतापर्यंत फोल्डरला 'दूध फायनल', 'दूध फायनल खरंच', 'दूध दिवाळीआधीचं' अशी नावं देत होतो.

पैसे घेण्याचं पण सांगून ठेवतो, कारण मला दोघांनी व्यक्तिगत विचारलं. बिलावर यूपीआयचा क्यूआर येतो, रक्कम आधीच भरलेली असते, ते सोपं आहे. पण पैसे आले का नाही हे अ‍ॅपला आपोआप कळत नाही, त्यासाठी पेमेंट गेटवे लागते. आम्ही बँकेचा मेसेज पाहून हातानं टिक करतो. एआयनं 'पेमेंट यशस्वी' असं हिरवं पान बनवून दिलं होतं, क्यूआर उघडला की आपोआप हिरवं व्हायचं, पैसे येवो ना येवो. ते पहिले काढून टाकलं. पोट्ट्यांना तेच पान सगळ्यात जास्त आवडलं होतं.

आता कोजागिरी येऊन राहिली, एका रात्रीसाठी सगळ्यांना वाढीव पाहिजे असते आणि दूध तेवढंच असते. कोणाला किती कापायचं ह्याचा नियम अजून लिहिला नाही. जुन्या गिऱ्हाईकाला आधी, हे ठरलं, पण सोसायटीची एकत्र ऑर्डर आली तर? लिहितो.

गोलू_गिट्टीखदान:

भाऊ मीबी लिहून राहिलो नियम. पाहा जमते का. कूलर तीन साइजचे. किराया अख्ख्या सीझनचा, मार्च ते जून, नाहीतर महिन्याचा. डिपॉझिट पहिले. घरपोच नेऊन लावून द्यायचं, त्याचे पैसे मजल्यावर, लिफ्ट असन तर कमी. गवताच्या ताट्या नवीन लावून देतो. पंप जळाला तर दुसऱ्या दिवशी बदलून देतो. कूलर वापस आल्यावर डिपॉझिट वापस. एवढंच.

रतीबवाला_मानेवाडा:

मस्त. आता मी एआय होतो. पंप कोणाच्या चुकीनं जळाला ते कोण ठरवणार, पाणी न टाकता चालवला असेल तर? मे मध्ये ताट्या पुन्हा बदलल्या तर पैसे कोणाचे? महिन्याचा किराया घेतलेला माणूस जूनमध्ये पाऊस आला म्हणून १० तारखेला कूलर वापस देतो, पूर्ण महिना लावता का अर्धा? कूलर वापस आला पण खालचा पत्रा गंजलेला, डिपॉझिटमधून किती कापता?

गोलू_गिट्टीखदान:

हे तर आमच्याकडे माणूस पाहून ठरते ना भाऊ.

शुभदा_धरमपेठ:

मग तसं लिही. "मालक ठरवतील" असं एक बटण ठेव, पण कोणाला किती सोडलं आणि का, ते लिहायची जागा त्याच्याच खाली ठेव. बँकेतही तसंच असायचं. मॅनेजरला सूट द्यायचा अधिकार असे, पण खाली सही आणि कारण लागे.

गोलू_गिट्टीखदान:

हाव, हे जमन काकू. गंजलेल्या पत्र्याचं मात्र बाबाले विचारा लागन, ते दर वर्षी वेगळंच कापतात.